आवडती बालवाडी पुलापलीकडे आहे

पत्र

ताई, नमस्कार.

माझी लेक येत्या ऑगस्टमध्ये तीन वर्षांची होईल. जूनपासून तिला नर्सरीत घालायचं आहे. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. नवरा सकाळी साडेसातच्या लोकलने निघतो, तो रात्री आठला घरी येतो. सासूबाई आमच्याकडेच असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. मी दोन दुकानांचे हिशेब घरून बघते. दुपारी दीड ते साडेसहा माझं काम चालतं, सकाळ तशी मोकळी असते.

दोन बालवाड्या बघितल्या. पहिली पश्चिमेला, माझ्या मावशीच्या घराजवळ. मराठी माध्यमाची, जुन्या बंगल्यातली, पुढे अंगण आणि अंगणात वाळूचा हौद. तिथल्या बाई मुलांशी ज्या तऱ्हेने बोलत होत्या ते बघून मला तिथून निघवेना. लेक वाळूत बसली ती उठेना. दुसरी आमच्याच गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. इंग्रजी माध्यम, भिंतीवर ए फॉर ॲपल, छोटी टेबलं-खुर्च्या. बाई प्रेमळ वाटल्या, बाकी खास काही नाही. घरापासून सहा मिनिटं. दोन्हीकडे वेळ नऊ ते बारा.

पश्चिमेची चालत पस्तीस मिनिटांवर आहे. रविवारी मुद्दाम घड्याळ लावून चालून बघितलं. मध्ये स्टेशनचा पूल ओलांडावा लागतो. मला चालायला आवडतं आणि मुलीलाही सवय लागेल असं वाटतं. आमच्याकडे गाडी नाही, मला स्कूटर येत नाही, रोजची रिक्षा परवडणार नाही. सासूबाई म्हणतात, "एवढंसं पोर, त्याला कशाला इतक्या लांब दामटायचं?" नवरा म्हणतो, "तूच ठरव, ने-आण तुलाच करायची आहे." फॉर्म महिनाअखेर भरायचा आहे. चांगल्या बालवाडीसाठी रोज एवढं चालणं वेडेपणाचं होईल का? आणि जवळच्या बालवाडीत घातलं तर स्वतःच्या सोयीसाठी मी तिचं नुकसान केलं, असं होईल का?

एक आई, डोंबिवली पूर्व


उत्तर

तुमच्या हातात दिवस थोडे आहेत, म्हणून मत आधी सांगते. या वर्षी पुलापलीकडची बालवाडी नको. लेकीला घराजवळ घाला.

पश्चिमेची बालवाडी चांगली आहे यात मला शंका नाही. मूल वाळूतून उठत नाही, बाईंना त्याला उठवायची घाई नाही, हे तुमच्या लक्षात आलं. बालवाडी बघायला येणारे बरेच पालक भिंतीवरचे रंग बघतात, कॅमेरे बघतात, फीचा तक्ता बघतात. बाई मुलाशी कशा बोलतात ते ऐकायला फार थोडे थांबतात. तुमची नजर चांगली आहे आणि तिचं काम अजून संपलेलं नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. पण तिथवर रोज पोचायला काय लागेल, त्याचा हिशेब तुम्ही अर्धाच मांडला आहे.

पस्तीस मिनिटं तुम्ही चाललात त्या एकट्याने, रविवारी, मोकळ्या हातांनी. बालवाडीच्या दिवशी बोट धरून मुलगी असेल, खांद्याला तिचं दप्तर आणि पाण्याची बाटली. पंचेचाळीस मिनिटं धरा, म्हणजे सव्वाआठला घर सोडायचं. तिला सोडून तुम्ही घरी येईपर्यंत पावणेदहा होतील. साडेअकराच्या आधी पुन्हा चपला घालायच्या. बाराला ती बाहेर येते ती भुकेली आणि पेंगुळलेली, त्यामुळे परतीला पन्नास मिनिटं सहज लागतील. सगळं मिळून तुमचे पावणेतीन तास रस्त्यावर जातात, आणि मुलगी बालवाडीत असते तीन तास. अंतराच्या भाषेत दिवसाला साडेनऊ-दहा किलोमीटर, आठवड्याचे पाच दिवस. मधल्या वेळात घरी जेमतेम पावणेदोन तास. त्यातच स्वयंपाक, धुणं, सासूबाईंचं काय हवं-नको ते. एकला मुलीला भरवून झोपवलं की दीडला हिशेबाच्या वह्या उघडायच्या. सकाळ मोकळी असते असं तुम्ही लिहिलं आहे. या रस्त्यावर ती उरत नाही.

नर्सरी निवडताना घरात मुलाच्या दोन फेऱ्यांची चर्चा होते. आईच्या चार फेऱ्या कुणी मोजत नाही, आईसुद्धा नाही. मी बरीच वर्षं बालवाडीच्या दारात, मुलं सोडण्याच्या आणि नेण्याच्या वेळेला उभी राहिले आहे. लांबून चालत येणाऱ्या आया जूनमध्ये वेगळ्या ओळखू येत नाहीत. ऑगस्टमध्ये येतात. मूल आत गेलं की त्या लगेच निघत नाहीत. पायरीवर टेकतात, चप्पल काढून तळवा चोळतात, आणि मग हळूच विचारतात, "बाई, मी इथेच बसले तर चालेल का? घरी जाऊन लगेच निघावंच लागतं." काही जणी तीन-तीन तास बाहेरच्या कट्ट्यावर बसून काढतात. दिवाळीनंतर याच मुलांचे खाडे वाढतात. मुलाला बालवाडी आवडत असते, बाईंना मूल आवडत असतं. आईचं शरीर थकलेलं असतं.

आता पूल. साडेआठला डोंबिवली स्टेशनच्या पुलावर काय असतं ते डोंबिवलीकराला सांगायला नको. पण तुम्ही तो तुमच्या उंचीवरून बघता. या वयाची मुलगी साधारण ९५ सेंटिमीटर उंच असते. तिला त्या पुलावर चेहरे दिसत नाहीत. पुढे छातीशी घेतलेल्या सॅक, डब्यांच्या पिशव्या, छत्र्यांची टोकं आणि धावत जिना उतरणारे गुडघे एवढंच तिच्या डोळ्यांसमोर असतं, कारण खाली फास्ट लोकल लागलेली असते. सगळी गर्दी फलाटाकडे वळते आणि तुम्हाला तिला कापून पलीकडे जायचं असतं. तिथे मुलीला पायी चालवता येत नाही, कडेवरच घ्यावं लागतं. तिचं वजन १३-१४ किलो असेल. एका हातात ती, दुसऱ्यात छत्री, पायाखाली ओला जिना, आणि कठडा धरायला हात शिल्लक नाही. बाराला परतताना पूल बराच मोकळा असतो, पण सकाळची ही वेळ टाळता येणार नाही. हा पूल मध्ये नसता, पस्तीस मिनिटं आतल्या गल्ल्यांतून जाता आलं असतं, तर मी इतकी ठाम नसते.

मुलीला चालायची सवय लागावी, हा तुमचा विचार मला मनापासून आवडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, आणि त्यातली निदान ६० मिनिटं धाप लागेल अशी असावी, असं सांगितलं आहे. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या किती मुलांना एवढं मिळतं? म्हणून मूल चालताना दिसलं की मला बरंच वाटतं. पण या वयाचं मूल चालतं कसं ते बघा. ते कुत्र्यापाशी थांबतं. गटाराच्या जाळीतून खाली डोकावतं. दुकानाची पायरी चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. फुलवाल्याच्या टोपलीतली पडलेली पाकळी उचलून मुठीत ठेवतं. त्याचा व्यायाम आणि त्याचा अभ्यास दोन्ही यातच असतो. नऊच्या ठोक्याला पोचायचं असेल तर यातलं काहीही करू देता येत नाही. मग रस्ताभर "चल", "बघत बसू नकोस", "उशीर होतोय", आणि हाताला हिसका. पाऊण तास असं ओढत आणलेलं मूल आत आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलत नाही. बाई समोर खेळ मांडतात, ते नुसतं बघत बसतं. ज्या बालवाडीसाठी एवढी धडपड करायची, तिथला पहिला अर्धा तास असा जातो.

शिवाय तुमची लेक जूनमध्ये तीनचीही नसेल. ३१ डिसेंबरपर्यंत तीन पूर्ण होत असतील तर आपल्या राज्यात नर्सरीला प्रवेश मिळतो, म्हणून ऑगस्टची मुलगी जूनमध्ये बसते. पण वर्गात ती लहानांतली असेल. या वयात दोन महिन्यांचा फरकही पायांत आणि झोपेत दिसतो.

अंतराचा विचार आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी पूर्वीच केला आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी असं धरलं आहे, आणि पहिलीतलं मूल सहा वर्षांचं असतं. त्याच्याही आधी, १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी आयांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. महाराष्ट्रात लहान मुलांच्या शिक्षणाचा पाया ज्यांनी घातला त्यांनीच बालवाडी मुलाच्या दाराशी असण्याला इतकं मोल दिलं आहे. सासूबाई त्यांच्या भाषेत तेच म्हणताहेत. त्यांचं बोलणं जुनाट म्हणून सोडून देऊ नका.

पावसाचं तर विचारूच नका. आपल्याकडे बालवाडीचे प्रवेश थंडीत होतात आणि बालवाडी उघडते जूनच्या मध्यावर. मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे रस्ता बघायचा छान गार हवेत आणि चालायला सुरुवात करायची ती पहिल्याच पावसात. २६ जुलैसारख्या दिवसाची भीती मी घालत नाही. तसल्या दिवशी बालवाड्या बंदच असतात. माझ्या डोळ्यांसमोर जुलैतला कुठलाही साधा मंगळवार आहे. रस्त्याच्या कडेला घोटाभर पाणी, रिक्षा जाताना उडणारा चिखल, गाड्या वीस मिनिटं उशिराने म्हणून पूल तुडुंब, रेनकोटच्या गळ्यातून आत गेलेलं पाणी. बालवाडीत पोचल्यावर कपडे बदलता येतात, बूट बदलता येत नाहीत. मग ती ओल्या पायांनी बसते आणि गुरुवारपर्यंत सर्दी. पावसाळाभर असे मंगळवार येत राहतात. आणि पाऊस संपला, थंडीचे दोन महिने मजेत गेले, की मार्चपासून बाराचं ऊन आहेच.

यापेक्षाही मोठा मुद्दा पुढचा. तुम्हाला ताप आला तर लेकीला कोण आणणार?

गल्लीतल्या बालवाडीतून सासूबाई आणू शकतात. तळमजला आहे, जिना नाही, सहा मिनिटांच्या जागी त्यांना पंधरा लागतील एवढंच. शेजारच्या काकू आणू शकतात. नवऱ्याला एखाद्या दिवशी उशिराची गाडी चालत असेल तर तो सोडू शकतो. पुलापलीकडून फक्त तुम्हीच. कंबर धरली तरी तुम्ही, पाळीचा दुसरा दिवस असला तरी तुम्ही, २० तारखेला जीएसटीचं रिटर्न डोक्यावर असलं तरी तुम्ही. बालवाडीच्या पहिल्या वर्षात मुलं वरचेवर आजारी पडतात, एकमेकांची सर्दी घेतात. दहा वाजता फोन येतो, "उलटी झाली, घेऊन जा." तुम्ही नुकत्याच घरी पोचलेल्या असता. तिथून पुन्हा पस्तीस मिनिटं, आणि आजारी मुलीला घेऊन परत तोच पूल. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तर मुलं रुळेपर्यंत बालवाडी तासा-दीड तासातच सोडते. तेव्हा तुम्हाला घरी जाऊन येणंही जमणार नाही.

बालवाडी ठरवताना मुलीला कोण-कोण आणू शकेल याची एक यादी करावी असं मी सगळ्याच पालकांना सांगते. यादीत एकच नाव असेल तर ती बालवाडी कितीही चांगली असो, तिचा भार फार होतो.

इतर मार्गांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांनी फारसं काही बदलत नाही. गाडीने पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर कोपरच्या किंवा ठाकुर्लीच्या पुलावरून वळसा, आणि सकाळी तिथे कोंडी. स्कूटर शिकायची असेल तर जरूर शिका, पण नव्या हाताने लगेच लेकीला बसवू नका. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट लागतं, वेग ताशी ४०च्या वर नेता येत नाही. फेब्रुवारी २०२३पासून हा नियम आहे. व्हॅन या वयाला नको. बाबागाडी पुलाच्या जिन्यावर चढत नाही, आणि आपल्या फुटपाथवर तर त्याहून नाही.

तुमचा दुसरा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण तोच तुम्हाला जास्त टोचत असावा. नाही, नुकसान होणार नाही. दुपारी दीडला कामाला बसणाऱ्या आईचे पाय ठणकत नसतील, तिने जेवताना मुलीशी दोन शब्द धड बोललेले असतील, तर ते मुलीच्याच वाट्याला येतं. तीन वर्षांच्या मुलीच्या दिवसात बालवाडीचे तीन तास असतात. उरलेल्या जागेपणाच्या तासांत तिला बहुतेक तुम्ही असता. त्या तासांतली आई दमून चिडचिडी झालेली असेल तर वाळूचा हौद ते भरून काढू शकत नाही.

मात्र घराजवळ घाला म्हणजे गल्लीतल्याच बालवाडीत डोळे झाकून घाला, असं मी म्हणत नाही. तुमची ती चांगली नजर इथे कामाला लावा. बालवाडी चालू असताना, साडेदहाच्या सुमाराला जा आणि अर्धा तास कोपऱ्यात बसू द्या म्हणून विचारा. बसू देत नसतील तर तेवढ्यावरूनही बरंच कळतं. बसू दिलं तर रडणाऱ्या मुलाकडे बघा. त्याला जवळ घेतात, की दटावून गप्प करतात, की घरी पाठवायची भीती घालतात? बाई मुलाशी बोलताना खाली बसतात का? शू लागली म्हणणाऱ्या मुलासोबत कोण जातं, आणि ती जागा कशी आहे? फाटकाची कडी मुलाच्या हाताला लागते का? मुलं किती आणि मोठी माणसं किती ते मोजा. खासगी प्ले-स्कूलसाठी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाची जी मार्गदर्शिका आहे तिच्यात २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असं प्रमाण दिलं आहे. दोन खोल्यांत चाळीस मुलं आणि एकच बाई असेल तर प्रेमळपणा कुठवर पुरणार?

टेबलं-खुर्च्यांचं वाचून, इथे मुलांना लवकर लिहायला बसवतात की काय, अशी शंका मला आली. बाईंना सरळ विचारा की नर्सरीत मुलांच्या हातात पेन्सिल कधी देता, गृहपाठ असतो का. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत अक्षर गिरवायची ताकद आलेली नसते. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२मध्ये आला, त्यातही या वयाचं शिकणं खेळातून व्हावं असंच आहे. त्याचा उल्लेख केलात तर बाईंनाही बरं वाटेल. अनेक चांगल्या शिक्षिका पालकांच्या आग्रहापायी लिहायला लावतात, त्यांना तुमच्यासारखा पालक हवाच असतो. खोल्यांना अंगण नाही, तर मुलांना गच्चीत किंवा इमारतीच्या आवारात नेतात का तेही विचारा. इंग्रजी माध्यमाचं मात्र या एका वर्षासाठी मनाला लावून घेऊ नका. घरी तुम्ही आहात, आजी आहे, गोष्टी मराठीतच होणार. बाई मुलांशी एरवी मराठीत बोलतात एवढी खात्री करा. रडायला आलेल्या मुलाला त्याच्या भाषेत कुणीतरी विचारायला हवं.

आणि मुलांना मारतात, कोंडून ठेवतात, धाक दाखवतात असं दिसलं, तर माझं मत तिथल्या तिथे बदलेल. ती बालवाडी जवळ असली तरी नको.

तसं झालं तरी पुलाकडे वळायची गरज नाही. तुम्ही दोनच बालवाड्या बघितल्यात, एक सहा मिनिटांवरची आणि एक पस्तीस मिनिटांवरची. मधली सगळी डोंबिवली पूर्व बघायची राहिली आहे. लेकीच्या चालीने पंधरा, फार तर वीस मिनिटं, मोठा रस्ता शक्यतो एकदाच ओलांडावा लागेल, एवढ्या टापूत फिरा. जुन्या चाळींत, देवळाच्या सभागृहात, शाळांच्या मागच्या खोल्यांत मराठी बालवाड्या चालतात. त्यांच्या पाट्या लहान असतात, जाहिरात नसते. भाजीवालीला विचारा, बाल रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या आयांना विचारा. जवळच्या अंगणवाडीतही एकदा डोकावा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हे त्यांचं कामच आहे, आणि काही ताई जीव ओतून काम करतात. एखादी बालवाडी पंधरा मिनिटांवर सापडली, अंगण असलेली, बोलक्या बाईंची, तर गल्लीतली सोडून तिथे खुशाल घाला. पंधरा मिनिटांचं चालणं या वयाला छान असतं. पाच मिनिटं आधी निघालं की कुत्र्यापाशी थांबताही येतं.

जी निवडाल तिचा रस्ता फॉर्म भरण्याआधी लेकीला घेऊन चाला, कामाच्या दिवशी, बरोबर साडेआठच्या सुमाराला, आणि बाराला परत. कडेवर किती वेळा घ्यावं लागलं ते लक्षात ठेवा.

तुमच्या मावशीबद्दल तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलं आहे, पण मला त्यात एक वाट दिसते. पश्चिमेच्या बालवाडीजवळ तुम्हाला बसायला हक्काची जागा असेल, तर चार फेऱ्यांच्या दोन होतात. सकाळी लेकीला सोडून मावशीकडे जायचं, तिथेच हिशेबाचं काम थोडं पुढे न्यायचं, बाराला तिला घेऊन निघायचं. असं असेल तर माझा विरोध बराच निवळतो. पण हे मावशीला नीट विचारायला हवं. दोन दिवस ये म्हणणं सोपं असतं, वर्षभर रोज सकाळी घरात माणूस असणं वेगळं. त्यांच्या घरातली पाहुण्यांची ये-जा, त्यांची दुखणी, सूनबाई असेल तर तिची सोय, सगळंच आलं. आणि सकाळचा पूल आहे तो आहेच. म्हणून या वर्षी मी तेही सुचवत नाही. पुढच्या जूनला लेक चारच्या जवळ आलेली असेल, जिना स्वतः चढेल, "आई, हात धर" असं स्वतः म्हणेल. तेव्हा ज्युनिअर केजीसाठी हा विचार पुन्हा करा. पश्चिमेच्या बाईंना आजच जाऊन भेटा आणि खरं कारण सांगा. पुढच्या वर्षी छोट्या गटात नवी मुलं घेता का, नाव कधी नोंदवायचं, हे विचारून ठेवा. चांगल्या बालवाडीतल्या बाईंना अशा आईचा राग येत नाही. तोवर महिन्यातून एखाद्या रविवारी मावशीकडे जाता तेव्हा पूल ओलांडून चालतच जा, घड्याळ न बघता. घरी बाल्कनीत प्लास्टिकच्या टबात वाळू ठेवता येते, आणि साडेसहाला काम संपलं की अर्धा तास तिच्या चालीने गल्लीत फिरता येतं. चालायची सवय त्यातून लागेल.

एक शेवटचं, फॉर्मपुरतं. मुलीला न्यायला कोण येईल, त्याचा रकाना असतो. त्यात फक्त आई-वडिलांची नावं लिहून मोकळ्या होऊ नका. सासूबाईंचं नाव लिहा, विश्वासातल्या एका शेजारणीचं लिहा, दोघींचे फोटो आणि फोन नंबर द्या. रकाना नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून द्या आणि बाईंची सही घ्या. बालवाडी सुरू झाली की पहिल्या आठवड्यात सासूबाईंना दोन-तीनदा सोबत न्या, म्हणजे बाई त्यांना ओळखतील आणि आजी न्यायला आल्यावर लेकही बावरणार नाही.